गुलछडीला पानंच पानं, दांडा येईना: विश्रामबागेतल्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सांगलीत विश्रामबागेत तुमच्या घरामागे 10 फूट बाय 4 फुटांचा तुकडा आहे, माती काळी. तीन वर्षांपूर्वी तिथे गुलछडीचे, म्हणजे निशिगंधाचे, कंद लावले. पहिल्या पावसाळ्यात दांडे सुरेख आले, दुसऱ्या वर्षी मोजकेच, आणि यंदा पावसाळा सरत आला तरी पानंच पानं, दांडा एकही नाही. युरिया टाकून झाला, पाणी रोज चालू आहे. जे दांडे आले त्यांची फुलं टपोरी होती, पण घरभर दरवळेल असा वास नव्हता. आता हे सगळं काढून टाकून हॉलंडच्या सुवासिक लिलीचे कंद मागवावेत का, असं तुम्ही विचारलंय.

गुलछडी काढून टाकू नका. तुमच्या वाफ्यात रोग दिसत नाही, मातीही वाईट नाही. तिथे फुलण्याजोगा कंदच आता उरलेला नाही, एवढंच झालंय. असा कंद पुन्हा तयार करणं तुमच्या हातात आहे आणि त्याला एक हिवाळा आणि एक उन्हाळा पुरतो.

गुलछडीचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. हे नीट समजून घेतलं की बाकीची मशागत आपोआप सुचत जाते. दांडा आला, फुलं उमलली, की त्या कंदाचं काम संपलं. तो पुढे आकसतो आणि मातीतच जिरतो. मात्र तोपर्यंत त्याच्या बुडाशी चहूकडून पिल्लं धरलेली असतात. माण-खटावकडे बांधांवर घायपात तुम्ही पाहिली असेल. वर्षानुवर्षं नुसती पानं, मग एकदम उंच दांडा, आणि दांडा वाळला की ते झाड मरतं आणि बाजूची पिल्लं उरतात. गुलछडी आणि घायपात एकाच घराण्यातल्या, मूळच्या दोघीही मेक्सिकोच्या. गुलछडीचं जुनं शास्त्रीय नाव पॉलिअँथस ट्युबरोझा. आता वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला घायपातीच्याच प्रजातीत घालून अगेव्ह अमिका असं नाव दिलं आहे. फरक इतकाच की घायपातीला फुलायला बरीच वर्षं लागतात, आणि गुलछडीचा चांगला पोसलेला कंद एका हंगामात फुलतो.

‘चांगला पोसलेला’ म्हणजे किती, तर निदान 2 ते 3 सेंटिमीटर व्यासाचा. अंगठ्याला आणि तर्जनीला धरून पाहिला तर भरीव लागला पाहिजे, टोकाकडे निमुळता आणि बुडाशी फुगीर. दीड सेंटिमीटरपेक्षा बारीक कंद त्या वर्षी सहसा फुलत नाही, तो फक्त पानं काढतो आणि स्वतः जाड होतो. तुम्ही पहिल्या वर्षी लावलेले कंद तयार होते, म्हणून फुलले. त्यांच्या पिल्लांतली जी बऱ्यापैकी जाड होती, ती दुसऱ्या वर्षी फुलली. तिसऱ्या वर्षी एकेका जागी बारीक पिल्लांचा असा गच्च गड्डा झाला की कोणालाच पोसायला जागा नाही. आपल्याकडच्या ऊसवाल्याला हे लगेच कळतं. पहिला खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा आलेलं पीक, ठीक जातो, पुढचा कमी पडत जातो. गुलछडीचं शेत करणारेही दोन-तीन वर्षांनी पीक मोडून कंद काढतात आणि निवडून नव्यानं लावतात. परसबागेत आपण ते करत नाही, कारण पानं हिरवीगार दिसतात आणि उपटायला जीव होत नाही.

म्हणून पहिली सूचना अशी की आत्ता, पावसाळा सरत असताना, काही उपटू नका. यंदा दांडा आला नाही तरी ही पानं पुढच्या वर्षाची फुलं तयार करताहेत. पान जितकं ऊन खाईल तितका खालचा कंद जाड होईल. पानं कापून वाफा ‘साफ’ करण्याचा मोह होतो, तो आवरा. फक्त पिवळी पडलेली, जमिनीवर लोळणारी पानं काढा आणि तण काढून माती एकदा हलकी हलवून द्या. युरिया बंद करा. नत्र जास्त झालं की पान माजतं, लुसलुशीत होतं आणि त्यावर किडीही लवकर येतात. त्याऐवजी ऑक्टोबरच्या सुरुवातीला वाफ्याला 60 ग्रॅमच्या आसपास म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशचं खत), पाणी देण्याआधी, मुळांच्या बाजूनं पसरून द्या. कंद भरायला पालाश लागतं.

दिवाळीनंतर पाणी तोडत आणायचं. सांगलीची थंडी बेताची असते, त्यामुळे इथे गुलछडी आपण होऊन झोपत नाही. पाणी चालू ठेवलं तर ती बारा महिने अर्धवट हिरवी राहते, आणि अशा न झोपलेल्या झाडाचा कंद कधीच नीट पक्व होत नाही. म्हणून तिला झोपवावं लागतं. डिसेंबरपर्यंत आठवड्या-दहा दिवसांनी एखादं पाणी, आणि जानेवारीच्या मध्यापासून पूर्ण बंद. पानं पिवळी पडून सुकायला लागतील. जीव तुटेल, पण तिथे झारी घेऊन जाऊ नका. तुम्ही रोज पाणी देत होता, त्यानं मूळ प्रश्नात भर पडली ती हीच की कंदाला विश्रांतीच मिळाली नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस माती कोरडी झाली की कंद काढायचे. खुरप्यानं नको, खुरपं नेमकं कंदात घुसतं. चार दातांचा फावडा असेल तर उत्तम, नाहीतर गड्ड्यापासून वीतभर लांब टिकाव मारून सगळा गड्डा मातीसकट उचलायचा. काळी माती सुकली की दगडासारखी होते, तेव्हा दोन दिवस आधी अगदी थोडं पाणी शिंपडलंत तरी चालेल. गड्डा उचलला की हातानं माती झटका, धुऊ नका. वाळलेली पानं आणि मुळं कात्रीनं छाटा. मग एकेक कंद हातानं सुटा करा. मध्ये एखादा सुकलेला, पोकळ, तपकिरी कंद सापडेल, तो मागच्या वेळी फुललेला. तो फेकून द्या. मऊ पडलेले, दाबल्यावर पाणी सुटणारे, आंबूस वासाचे कंदही बाजूला काढा, आणि ते कंपोस्टात नव्हे, कचऱ्यात टाका.

आता प्रतवारी. 2 सेंटिमीटरच्या वरचे एका बाजूला: हे येत्या पावसाळ्यात फुलणारे. त्याखालचे दुसऱ्या बाजूला: हे एक वर्ष पोसायचे. अगदी हरभऱ्याएवढे कोणाला द्यायचे असतील तर द्या, पण घेणाऱ्याला सांगून द्या की यांना दोन वर्षं धीर लागेल. नाहीतर त्यांच्याकडूनही पुढे हाच प्रश्न येईल. तीन वर्षांच्या गड्ड्यांतून तुमच्या वाफ्याला पुरून उरतील इतके कंद निघतील, याबद्दल शंका नाही. त्यातले मोठे किती निघतात हे मात्र आत्तापासून जानेवारीपर्यंत पानांना किती ऊन मिळतं त्यावर ठरेल. वाफ्यावर शेजारच्या आंब्याची किंवा भिंतीची सावली येत असेल तर फांद्या विरळ करा. दिवसाचं निदान सहा तास थेट ऊन नसेल तर गुलछडीचा नाद करू नये.

काढलेले कंद लगेच लावायचे नाहीत. चार ते सहा आठवडे त्यांना सावलीत, वारं खेळेल अशा कोरड्या जागी पसरून ठेवायचं. आपल्या भागात हळदीचं बेणं सांभाळणारी माणसं घरोघर आहेत, त्यांना हे शिकवावं लागत नाही. एकावर एक ढीग घालायचा नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडायचे नाहीत, चार-पाच दिवसांनी हातानं खालीवर करायचे. बाजेवर किंवा पाटीत गोणपाटावर पसरलेले कंद उत्तम राहतात. या विश्रांतीनं सगळे कंद जवळजवळ एकाच वेळी फुटतात आणि दांडेही दमदार येतात. काढून त्याच दिवशी लावलेले कंद कसेबसे, मागे-पुढे फुटत बसतात.

दरम्यान वाफा तयार करा. सांगली-मिरज-पलूस पट्ट्यातल्या काळ्या मातीबद्दल इथे जरा थांबून सांगतो, कारण पुस्तकात लिहिलेली पद्धत इथे जशीच्या तशी लावली की कंद सडतात. गुलछडीला पोयट्याची, निचऱ्याची जमीन आवडते, सामू (pH, मातीच्या आंबटपणाचं माप) साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान. आपली काळी माती अन्नानं श्रीमंत आहे, पण पाणी धरून ठेवते. जुलैत झड लागली की आठ-आठ दिवस वाफसा येत नाही, म्हणजे माती मशागतीजोगी सुकत नाही, आणि कंदाच्या बुडाशी हवा पोचत नाही. कृष्णाकाठच्या कित्येक जमिनी वर्षानुवर्षांच्या पाटपाण्यानं चोपण (घट्ट, पाणी न जिरणाऱ्या) आणि खारवट झाल्या आहेत, तिथे तर अडचण दुप्पट. वाफ्याच्या मातीवर उन्हाळ्यात पांढरट पापुद्रा दिसत असेल किंवा बोअरचं पाणी मचूळ लागत असेल, तर कंद लावण्याआधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. कृषी विज्ञान केंद्रात विचारलंत तर कुठे तपासायचं ते सांगतील.

उपाय एकच आणि साधा आहे: वाफा जमिनीपेक्षा उंच करा. सपाट वाफा किंवा खोलगट आळं नको, गादीवाफा हवा, निदान 8 ते 9 इंच उंच. फावड्यानं फूटभर खोल खणून मार्च-एप्रिलचं ऊन खाऊ द्या, ढेकळं तापू द्या. मग त्यात चांगलं कुजलेलं शेणखत दोन-तीन घमेली, नदीची जाड वाळू किंवा बारीक मुरूम तीन-चार घमेली, आणि निंबोळी पेंड 400 ग्रॅम मिसळा. बारीक, पिठूळ वाळू घालू नका, ती काळ्या मातीत मिसळून आणखी घट्ट थर करते. वाफ्याच्या चारही बाजूंनी पाणी निघून जाईल अशी वीतभराची चरी ठेवा आणि चरीचं तोंड कुठे जातं तेही बघून ठेवा. 2019 आणि 2021 च्या पुरात कृष्णाकाठच्या वस्त्यांत जे वाफे दिवसचे दिवस पाण्याखाली राहिले, त्यांतले कंद वाचणं अवघडच होतं. तसं पाणी चढलंच तर ओसरल्यावर वाट बघत बसायचं नाही. कंद उपसून, धुऊन, सावलीत सुकवून, निरोगी तेवढे कुंड्यांत हलवायचे.

साताऱ्याच्या बाजूचे वाचक असतील त्यांच्यासाठी दोन ओळी. वाई, कोरेगाव, कराडकडे मध्यम काळी किंवा पोयट्याची जमीन मिळते, तिथे वाफा 5 ते 6 इंच उंच पुरतो. माण, खटाव, फलटण, आणि इकडे आटपाडी, जतच्या हलक्या मुरमाड जमिनीत निचऱ्याची चिंता नाही, उलट शेणखत जास्त लागतं आणि पाण्याची पाळी जवळ आणावी लागते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात मात्र गुलछडी उघड्यावर लावू नये. तिथे कुंडीत, पागोळीपासून दूर, छपराच्या कडेला ठेवली तर जगते.

लागवड एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. वळवाचा एखादा पाऊस होऊन जमीन निवली असेल तर फारच छान. कंद लावण्याआधी ट्रायकोडर्माच्या (कूज रोखणाऱ्या उपयोगी बुरशीच्या) द्रावणात, लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम, अर्धा तास बुडवून सावलीत निथळून घ्या. टोक वर, बूड खाली, 5 ते 7 सेंटिमीटर खोल. भारी मातीत 5 च पुरे. दोन कंदांत 25 सेंटिमीटर अंतर ठेवलंत तर तुमच्या वाफ्यात साठेक कंद बसतील. दाटी करायचा मोह होईल, पण जी पिल्लं पुढच्या वर्षीची फुलं आहेत, त्यांची जागा आत्ताच सोडायची असते. लहान कंद असतील त्यांना एका कडेला वेगळी ओळ द्या, ते दाट चालतील, आणि तिथून फुलाची अपेक्षा धरू नका.

लावताना एकदा भरपूर पाणी द्या, आणि मग कोंब वर दिसेपर्यंत हात आखडता घ्या. मुळंच फुटलेली नसतात तेव्हा कंद पाणी पिणार कशानं? या काळात रोज पाणी घातलं की कंद जागीच कुजतो. मेच्या उन्हात वरची माती पांढरी पडली, बोट खुपसल्यावर दोन पेरं आतही कोरडी लागली, तरच पाणी. कोंब आले, पानं वीतभर झाली, की आठवड्यातून एकदा-दोनदा. पावसाळ्यात वरून पाणी देण्याची गरज क्वचितच पडते. खरी गरज पडते ती दांडा वर सरकायला लागतो तेव्हा, आणि पावसानं उघडीप दिलेली असते तेव्हा. त्या दिवसांत पाण्याचा ताण बसला तर दांडा आखूड राहतो आणि वरच्या कळ्या न उमलताच सुकतात.

खताचं गणित. महाराष्ट्रात शेतासाठी हेक्टरी 200 किलो नत्र, 150 किलो स्फुरद आणि 200 किलो पालाश अशी शिफारस आहे. तुमच्या वाफ्यापुरतं म्हणजे सुमारे पावणेचार चौरस मीटरला ते असं बसतं: सिंगल सुपर फॉस्फेट 350 ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश 120 ग्रॅम लागवडीच्या वेळी मातीत मिसळून, आणि युरिया एकूण 160 ग्रॅम, तोही तीन वेळा विभागून: लागवडीनंतर एक, दोन आणि तीन महिन्यांनी, दर वेळी 50 ग्रॅमच्या आतबाहेर. यापेक्षा जास्त युरिया म्हणजे पुन्हा पानंच पानं. रासायनिक खत नको असेल तर शेणखत वाढवा, महिन्याला मूठ-मूठ निंबोळी पेंड आणि गांडूळखत द्या. दांडे थोडे कमी उंच होतील, पण घरच्या बागेला तेवढे पुरतात.

लागवडीपासून साधारण 90 ते 120 दिवसांनी दांडे दिसू लागतात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, गौरी-गणपतीच्या आसपास. तिथून थंडी पडेपर्यंत मागे-पुढे दांडे येत राहतात.

आता वासाचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीनं हा जास्त महत्त्वाचा. गुलछडी लावायची ती वासासाठी. तुम्ही फुलं टपोरी होती म्हणता, पाकळ्या अनेक पदरी असाव्यात, म्हणजे तुमच्याकडे डबल जात आली आहे. बाजारात फुलदाणीसाठी जुड्या बांधून विकतात ती हीच. दिसायला भरगच्च, दांडा कणखर, हारापेक्षा सजावटीला बरी. वास असतो, पण सिंगलच्या मानानं कमी. पाकळ्यांचा एकच पदर असलेली सिंगल गुलछडी हार-वेण्यांसाठी किलोवर विकली जाते, आणि अत्तराच्या धंद्यात लागते तीही सिंगलच. तिचा एक दांडा खोलीत ठेवला तर रात्री दुसऱ्या खोलीतल्या माणसाला कळतं.

म्हणून वाफ्याचा अर्धा भाग डबलला ठेवा आणि अर्ध्यात सिंगल लावा. नर्सरीत नाव विचारून घ्या. बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनं काढलेल्या ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’ या दोन्ही सिंगल. प्रज्वलच्या कळीवर हलकी गुलाबी झाक असते, उमललं की फूल पांढरंशुभ्र. शृंगार मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला (मातीतल्या अतिबारीक जंताला) बऱ्यापैकी दाद देत नाही, म्हणून ज्या जागी आधी वांगी-टोमॅटो होते तिथे मी तीच सुचवतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ही सिंगल आहे आणि आपल्या हवेत चांगली येते. डबलमध्ये हेसरघट्ट्याचीच ‘सुवासिनी’ मागा. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं गॅमा किरणांचा मारा करून काढलेल्या ‘रजत रेखा’ आणि ‘स्वर्ण रेखा’ यांच्या पानांवर पट्टे असतात, फूल नसतानाही त्या देखण्या दिसतात. मिळाल्या तर हौसेनं एखादी ओळ लावावी, पण वासासाठी म्हणून नव्हे.

वास कधी घेता यावरही बरंच आहे. गुलछडीचा वास संध्याकाळनंतर चढतो. मूळ देशात तिचं परागीभवन रात्री उडणाऱ्या, लांब सोंडेच्या पतंगांकडून होतं, आणि त्यांना अंधारात वाट दाखवायला पांढरा रंग आणि वास हीच दोन साधनं. दुपारी 2 वाजता वाफ्यापाशी उभं राहून वास नाही म्हणणं हा फुलावर अन्याय आहे. दिवेलागणीनंतर, वारा पडलेला असताना बघा. शिवाय हे फूल खुडल्यावरही वास तयार करत राहतं. फ्रान्समधल्या ग्रास गावचे अत्तरकार पूर्वी मोगऱ्याच्या जातकुळीतली जाई आणि गुलछडी ही दोन फुलं काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर अंथरत, ती याच कारणासाठी. खुडलेलं फूल पुढेही बराच वेळ गंध सोडत राही आणि चरबी तो पिऊन घेई. तुम्हाला त्याचा उपयोग असा: खालच्या दोन-तीन कळ्या उमलल्या की दांडा सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर कापा आणि लगेच पाण्यात ठेवा. पाणी रोज बदला, बुडाचा अर्धा इंच तिरका छाटा, खालची सुकलेली फुलं काढत जा. वरच्या कळ्या घरात उमलत राहतील आणि रात्री वास देतील. दांडा कापल्यानं खालच्या पिल्लांचं नुकसान होत नाही, फक्त पानं त्याच्याबरोबर ओरबाडू नका.

रोग-किडींचं थोडक्यात. उन्हाळ्यात आणि पावसाच्या उघडिपीत फुलकिडे येतात, कळ्यांवर तपकिरी चरे पडतात आणि फूल वाकडं उमलतं. 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी, दहा दिवसांच्या अंतरानं संध्याकाळी फवारा. पानं निस्तेज होऊन खालून बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी, पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोराचा फवारा मारला तरी बराचसा जातो. पावसाळ्यात झाड बुडाशी मऊ पडून पानं सहज हातात आली, आणि मातीलगत पांढरी बुरशी व मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती खोडकूज. ते झाड भोवतालच्या मातीसकट उचलून बाहेर फेका आणि उरलेल्या वाफ्यात ट्रायकोडर्मा मिसळलेलं शेणखत द्या. झाडं पिवळी, खुरटी राहिली आणि उपटल्यावर मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. अशा वाफ्यातले कंद दुसरीकडे नेऊ नका, कारण सूत्रकृमी कंदाबरोबर प्रवास करतो. तिथे एक हंगाम दाट झेंडू लावा आणि गुलछडीसाठी जागा बदला.

गच्चीत जागा असेल तर कुंडीतही ती छान येते. 12 इंची कुंडीत तीन-चार कंद, त्याहून जास्त नको. तांबडी माती दोन भाग, शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, जाड वाळू एक भाग. कुंडीतला गड्डा जमिनीतल्यापेक्षा लवकर दाटतो, म्हणून तिथे कंद दरवर्षी काढून निवडावे लागतात. सिमेंटची गच्ची एप्रिल-मेमध्ये फार तापते, कुंड्या विटांवर ठेवा.

राहिली हॉलंडची लिली. जाहिरातीच्या फोटोत दिसते ती लिलियम, तिच्यातल्या ओरिएंटल गटाला सुंदर वास असतो, एशियाटिक गटाला जवळजवळ नाहीच. जाहिरातीत ही गोष्ट बहुतेक वेळा लिहिलेली नसते, तेव्हा आधी विचारून घ्या. त्या कंदाला फुलण्याआधी कित्येक आठवड्यांची थंडी लागते. विकणारे शीतगृहात ती देऊन पाठवतात, म्हणून पहिल्या वर्षी सांगलीतही थंडीच्या दिवसांत कुंडीत फूल दिसतं. पुढच्या वर्षी ती थंडी आपण कुठून आणणार? शिवाय त्या कंदाला कांद्यासारखं वरचं कोरडं साल नसतं, नुसते मांसल खवले असतात, त्यामुळे आपल्या मार्च-एप्रिलमध्ये तो सुकून जातो किंवा वळवात कुजतो. पाचगणीला कुणी लावत असेल तर मी अडवणार नाही. विश्रामबागेत ते दरवर्षी नवे पैसे घालायचं काम आहे. एकदा हौस म्हणून एखादी कुंडी करावी, गुलछडीच्या वाफ्याच्या बदल्यात नको.

पांढरं, लिलीसारखं, वासाचं आणि आपल्या मातीत तगणारं आणखी काही हवंच असेल तर दोन नावं सांगतो. न्हाणीचं किंवा भांडी घासायचं पाणी जिथे जातं, जी जागा कायम ओलसर राहते आणि जिथे गुलछडी हमखास सडेल, तिथे सोनटक्का लावा. तो कंदानं नव्हे, हळदीसारख्या आडव्या गड्ड्यानं वाढतो, आल्या-हळदीच्या कुळातला आहे, अर्धसावली चालते आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलतो. कुंपणाच्या कडेला भारी मातीत स्पायडर लिली लावा. लांब बारीक पाकळ्यांचं पांढरं फूल, वास संध्याकाळी, आणि दुर्लक्ष झालं तरी टिकते. फक्त तिचा कंद थेट कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी आहे. घरात लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर काढलेले कंद ओट्याजवळ, कांद्या-बटाट्याच्या टोपलीपाशी ठेवू नका.